अन्न देणारा हात

शास्त्रपाठ : मार्क ५:२१-४३



याइराच्या कन्येचा वृत्तांत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बारा वर्षांची मुलगी उठून चालू लागली, पाहणारे थक्क झाले, आणि बहुतेक प्रवचने येथेच संपतात. शुभवर्तमानाचा वृत्तांत मात्र येथे संपत नाही. मुलीला काहीतरी खावयास मिळावे अशी आज्ञा प्रभूने केली, असे मार्क शेवटच्या वचनात नमूद करतो. लूकही (८:५५) तेच सांगतो. मूळ ग्रीक रचना कर्मणी आहे. अन्न दिले जावे, एवढेच तीत आहे. ते कोणी द्यावे हे सांगितलेले नाही. अनुवादकाला येथे थांबून विचार करावा लागतो, कारण मराठीत 'द्या' म्हटले की ते ऐकणारे कोणीतरी समोर असावे लागते. त्या खोलीत आईबाप होते आणि तीन शिष्य होते. मुलीला जीवन देण्याचे कार्य प्रभूचे होते. त्या जीवनाचे पोषण त्याने जवळच्या माणसांकडे सोपवले. माता आणि बालके यांच्या कुपोषणाचा विचार करताना हीच आज्ञा आपण आधाराला घेऊ.

१. भरल्या शहरातील भूक

दिल्लीच्या बाजारांत धान्याची उणीव नाही. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिल्लीतील पाच वर्षांखालील दर शंभर बालकांपैकी सुमारे ३१ बालके वयाच्या मानाने खुजी आढळली, आणि सुमारे निम्म्या स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसले. बाजारात धान्य असले म्हणजे ते बालकाच्या मुखात जातेच असे नाही.

असे का होते, याचे उत्तर दिल्लीतच १९६९ मध्ये सुरू झालेल्या एका कार्यात सापडते. गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनासाठी राजघाटाजवळ बांधकाम चालले होते. मजूर स्त्रिया कामावर असताना त्यांची तान्ही मुले तेथेच धुळीत पडलेली मीरा महादेवन यांनी पाहिली आणि त्या जागीच पाळणाघर सुरू केले. त्यातून 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था उभी राहिली. इमारत पुरी झाली की मजूर दुसरीकडे जात, आणि पाळणाघरही नव्या बांधकामावर उभे राही. नावाचा अर्थ हाच. पुढे मुंबई व पुणे येथेही हे काम पोहोचले.

वाचकहो, या मातांची अडचण नीट समजून घ्या. काम सोडावे तर मजुरी बुडते. न सोडावे तर बालकाला वेळेवर अंगावर पाजता येत नाही. मग थोरली बहीण, जी स्वतःच सहा-सात वर्षांची असते, पाणी घातलेले दूध पाजते. त्यातून हगवण होते, वजन घटते, भूक मंदावते, आणि अशक्त देहाला पुन्हा आजार गाठतो. हे चक्र केवळ धान्याच्या पोत्याने थांबत नाही. मातेला कामातून येऊन पाजता येईल आणि बालकाला दिवसातून अनेकदा कोणी भरवील, अशी जवळची जागा लागते.

२. आरंभ मातेपासून

गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे सुमारे एक हजार दिवस बालकाच्या शरीराच्या व मेंदूच्या वाढीचा पाया घालतात. म्हणून प्रतिबंधाची सुरुवात मातेच्या ताटापासून होते. अनेक घरांत सून सर्वांच्या मागून जेवते आणि उरलेले खाते. गरोदरपणी तिला एक जेवण अधिक मिळावे, डाळ, पालेभाजी, दूध किंवा अंडे मिळावे, विश्रांती मिळावी. चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस लोह व फॉलिक ॲसिडची गोळी रोज घेतली जावी.

जन्मानंतर तासाभरात बालकाला अंगावर घ्यावे. पहिला पिवळसर चीक टाकून देऊ नये. सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे. मध, घुटी किंवा वरचे पाणीही नको. सहा महिने पूर्ण होताच घट्टसर वरणभात, खिचडी, कुस्करलेले केळे, वर चमचाभर तेल किंवा तूप, असा आहार सुरू करावा आणि दोन वर्षांपर्यंत अंगावरचे दूधही चालू ठेवावे. डाळीच्या नुसत्या पाण्याने पोट भरते, पण पोषण होत नाही.

३. घाई न करणारा उपचार

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, अथवा दोन्ही पावलांना सूज असून दाबल्यावर खळगा राहत असेल, तर ते तीव्र कुपोषण समजावे. घेर ११.५ ते १२.५ च्या दरम्यान असेल तर तोही इशाराच आहे. तीव्र कुपोषणासोबत सूज, ताप, सुस्ती किंवा अन्नावरची वासना जाणे यांपैकी काही दिसल्यास बालकाला त्वरित रुग्णालयात न्यावे. दिल्लीत कलावती सरन बाल रुग्णालयासारख्या ठिकाणी यासाठी विशेष उपचार होतात. अनेक जिल्ह्यांत पोषण पुनर्वसन केंद्रे आहेत.

अशा बालकाला दयेपोटी एकदम पोटभर खाऊ घालणे घातक ठरू शकते. त्याचे हृदय व आतडी तो भार सोसू शकत नाहीत. प्रथम ऊब देतात, रक्तातील साखर सांभाळतात, जंतुसंसर्गावर औषध देतात, आणि दर दोन-तीन तासांनी थोडा थोडा दुग्धाहार देतात. लोहसुद्धा पहिल्या दिवसांत देत नाहीत. भूक परतल्यावरच आहार वाढवतात. रानात खचून पडलेल्या एलीयाची कथा (१ राजे १९) येथे आठवते: आधी थोडे अन्न, मग झोप, मग पुन्हा अन्न, आणि त्यानंतर लांबचा प्रवास.

जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या उपचाराच्या दहा पायऱ्यांत खेळ व माया यांना एक स्वतंत्र पायरी आहे. घरी गेल्यावरची देखरेख ही शेवटची पायरी.

४. आपल्या हाती काय आहे

ही देखरेख सामान्य माणसेही करू शकतात. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम आरंभले, तेव्हा त्यांनी खेड्यातील स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतील कित्येक निरक्षर होत्या.

कायद्याचाही आधार आहे. किमान ४० लहान बालके असलेल्या वस्तीला अंगणवाडी मागता येईल, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी दिला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीतून विनामूल्य आहाराचा हक्क दिला. पण नव्याने आलेल्या मजूर मातेला हे सांगणार कोण? आपल्या मंडळीजवळ बांधकाम चालू असेल, तर नाताळची खाऊची पुडी देऊन परतू नका. तिच्यासोबत अंगणवाडीपर्यंत जा, तिचे नाव नोंदवून द्या, आणि पुढच्या महिन्यात बालकाचे वजन वाढले का हे विचारण्यास पुन्हा जा.

मनन व चर्चेसाठी

१. आपल्या घरात सर्वांत शेवटी कोण जेवते? ती गरोदर असेल तर?

२. आपल्या मंडळीच्या परिसरातील अंगणवाडी कोठे आहे? तेथे कोणती बालके पोहोचत नाहीत?

३. याइराच्या घरातील आज्ञा आपल्या मंडळीत कोणी ऐकावी? या आठवड्यात ते काम करणाऱ्या दोघांची नावे ठरवा.