बोअरचा चुरा टेबलावर: तेल कंपनीसारखी तपासणी, वणीच्या शेतात

बोअरची गाडी उद्या येतेय ना? मग आज संध्याकाळीच तयारीला लागू. गाडी उभी राहिली की घरादाराचे डोळे पाण्याकडे लागतात आणि भोकातून उडणारा चुरा फावड्याने बांधावर लोटला जातो. आपल्याला नेमका तो चुराच हवाय. नव्या भागात उतरलेल्या तेल कंपनीचा भूवैज्ञानिकही विहीर सुरू झाली की आधी हाच चुरा धुतो, भिंगाखाली धरतो आणि दिव्याखाली बघतो. कॅनडातल्या कॅलगरीच्या जिओग्लोबल रिसोर्सेस या छोट्याशा कंपनीने उत्तर महाराष्ट्रातल्या याच काळ्या दगडाच्या पट्ट्यात तेल शोधण्यासाठी २००५ मध्ये सरकारशी करार केला होता. त्यांचा खर्च कोटींचा. तुमचा मात्र भाजीच्या पिशवीत मावेल एवढ्या सामानाचा.

नाशिक जिल्ह्यातल्या वणीतल्या तुमच्या बोअरला तेल लागणार नाही, हे आत्ताच सांगून टाकतो. पण बागेखालचा दगड थराथराने कळेल. आणि पाण्यावर रंगीत तवंग आला, तर गावभर बोभाटा व्हायच्या आत खरं काय ते तुम्हाला ठाऊक असेल.

हे जमवा

झिपच्या लहान पिशव्या, पर्मनंट मार्कर, घमेलं, चहाची गाळणी, स्टीलचं ताट, चिनी मातीची साधी पांढरी बशी, सोनार वापरतात ते दहापट भिंग, लोहचुंबक, मोठी सुई, व्हिनेगर, ड्रॉपर, अ‍ॅसिटोन, झाकणाच्या तीन छोट्या काचेच्या बाटल्या, आलेख कागद आणि यूव्ही टॉर्च. टॉर्च ३६५ नॅनोमीटरचा मागा. स्वस्तातला ३९५ चा टॉर्च स्वतःच इतका जांभळा उजेड पाडतो की खरी चमक त्यात बुडून जाते. अ‍ॅसिटोनऐवजी रंगीत, सुवासिक नेलपॉलिश रिमूव्हर नको. त्यातलं तेल आणि रंग तुम्हाला फसवतील.

रिगपाशी

१. पिशव्यांवर आदल्या रात्रीच खोली लिहून ठेवा: ०–१०, १०–२०, २०–३० फूट, अशी शेवटपर्यंत. धुळीत आणि कंप्रेसरच्या आवाजात आकडे हमखास चुकतात.

२. हॅमर खाली उतरायच्या आधी ऑपरेटरकडून चमचाभर हॅमर ऑइल मागून पहिल्या बाटलीत घ्या. ही पायरी कितीही घाई असली तरी गाळू नका. हॅमरला तेल मिळतं ते कंप्रेसरच्या हवेतून, आणि तीच हवा चुरा वर आणते. म्हणजे तुमच्या दगडाला तेल लागणारच, फक्त ते जमिनीतलं नसेल.

३. गाडीच्या टाकीतलं थोडं डिझेल दुसऱ्या बाटलीत घ्या. लगेच हात धुवा, नाहीतर पुढच्या प्रत्येक पिशवीला डिझेल लागेल.

४. रॉडच्या आट्यांना लावतात ते ग्रीस बोटाच्या पेराएवढं तिसऱ्या बाटलीत घाला. तिन्ही बाटल्यांवर नावं टाका. एकदा झाकणं बसली की कोणती कशाची ते आठवत नाही.

५. चुरा पडतो त्या बाजूला घमेलं ठेवायला रिगवरच्या मदतनिसाला सांगा. फिरत्या रॉडजवळ स्वतः वाकू नका. उपरण्याचं किंवा ओढणीचं टोक त्यात सापडायला क्षण पुरतो.

६. दर दहा फुटांना घमेल्यातून दोन मुठी चुरा घेऊन त्या खोलीच्या पिशवीत भरा. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, नाकाला रुमाल बांधा. केसिंग उतरेपर्यंतचा मुरूम-माती मिसळलेला चुराही ठेवा, पण वेगळा.

७. नमुना घेतला की घमेलं तिथंच झाडून रिकामं करा. हे राहिलं, तर वीस फुटांचा दगड तुम्हाला चाळीस फुटांवर भेटेल.

८. प्रत्येक रॉड खाली जायला किती मिनिटं लागली ते वहीत लिहा. रॉड बहुतेक २० फुटांचा असतो, तरी ऑपरेटरला विचारून घ्या. मोबाइलचं स्टॉपवॉच पुरे. रॉड भराभर गेला तर खाली मऊ थर, अडखळत गेला तर कठीण पाषाण. चुरा बघायच्या आधीच अर्धी गोष्ट इथं कळते.

९. पाणी कुठल्या फुटाला लागलं ते वेगळ्या शाईने लिहा. तिथून पुढचा चुरा चिखल होऊन येतो आणि वरच्या भिंतीतले तुकडेही सोबत आणतो, म्हणून पुढच्या पिशव्यांवर ‘ओला’ अशी खूण करा.

टेबलावर

१०. प्रत्येक पिशवीतला अर्धा चुरा न धुता बाजूला ठेवा. तेलाची परीक्षा याच्यावर होणार आहे. सगळाच धुऊन बसलात तर जे शोधायचं तेच मोरीत गेलं.

११. उरलेला अर्धा चुरा गाळणीत घेऊन साध्या गार पाण्याने धुवा, गढूळपणा जाईपर्यंत. धुण्याची पावडर लावू नका. त्यातली चकाकी आणणारी रसायनं यूव्हीखाली लख्ख निळी दिसतात. एक अपवाद: पिशवीत नुसती लाल माती असेल तर चमच्याएवढी न धुताच ठेवा, नाहीतर गेरूचा अख्खा थर गाळणीतून वाहून जाईल.

१२. धुतलेला चुरा ताटात पसरून सावलीत वाळवा. गॅसवर किंवा उन्हात नको, आणि खाली वर्तमानपत्रही नको.

१३. वाळलेल्या चुऱ्यावरून चुंबक फिरवा. चकचकीत, धारदार कपच्या चिकटल्या तर त्या बिटच्या झिजेच्या, फेकून द्या. काळी बारीक भुकटी हलकेच चिकटेल, ती राहू द्या. आपल्या काळ्या दगडातच लोहाचे चुंबकीय कण असतात. इथं ‘लोखंडाची खाण लागली’ म्हणणारा एक तरी पाहुणा येतोच.

१४. चिमूटभर चुरा पांढऱ्या बशीत घेऊन भिंगाने बघा. भिंग डोळ्याला अगदी टेकवा आणि बशी जवळ आणा. लांबून बघितलंत तर सगळंच काळं दिसेल. आता सावकाश.

गडद करडे, भरीव, धारदार कडांचे तुकडे दिसले तर तो काळा पाषाण. त्याच्या रॉडला वेळही जास्त लागलेला असेल, वही उघडून ताडून बघा. तुकड्यात बारीक पोकळ्या आणि त्यांत पांढरे, हिरवट, कधी फिकट गुलाबी ठिपके असतील तर तो मांजऱ्या. हे ठिपके म्हणजे जुन्या लाव्हातल्या बुडबुड्यांच्या जागी नंतर भरलेली खनिजं. नाशिक जिल्ह्यातल्या खाणींतून निघणारे झिओलाइटचे देखणे स्फटिक याच पोकळ्यांतले, तुमच्या बशीत त्यांचा चुरा आलाय इतकंच. लाल, मऊ, बोटाला रंग लावणारी माती आली तर गेरूचा थर. त्याची खोली ठळक लिहा, शेवटी उपयोगी पडणार आहे.

१५. पांढरा तुकडा सुईने ओरखडून बघा. ओरखडा उठलाच नाही तर ती गारगोटी.

१६. ओरखडा उठला तर त्याच तुकड्याची भुकटी करून तिच्यावर व्हिनेगरचा एक थेंब टाका आणि भिंगाखाली धरा. बारीक बुडबुडे आले तर कॅल्साइट, नाही आले तर बहुधा झिओलाइट. व्हिनेगर सावकाश काम करतो, मिनिटभर थांबा. याच्यासाठी घरात तेजाब आणायची गरज नाही.

१७. कुठल्याही दगडाची खोली लिहिताना तो ज्या पिशवीत पहिल्यांदा दिसला, तीच धरा. खालच्या पिशव्यांत तो पुन्हा पुन्हा दिसेल. ते वरून ढासळलेले तुकडे असतात.

अंधारात

१८. खोली पूर्ण अंधारी करा आणि पाच मिनिटं डोळे सरावू द्या. पांढरा शर्ट बदला, टिश्यू पेपर उचला. दोन्ही यूव्हीखाली निळे उजळतात आणि खोलीभर तेल सापडल्याचा भास होतो.

१९. आधी तिन्ही बाटल्यांतला एकेक थेंब बशीच्या काठावर ठेवून टॉर्च मारा. हॅमर ऑइल, डिझेल आणि ग्रीस कसं चमकतं ते नीट बघून रंग लिहून ठेवा. टॉर्च कोणाच्याही डोळ्यांत मारू नका, मुलांच्या हाती तर देऊच नका.

२०. आता न धुतलेला चुरा बशीत पसरून टॉर्च मारा. बहुतेक पिशव्या काळ्याठिक्कर राहतील. काहींत पिवळट-पांढरे ठिपके दिसतील, पण नाचायची घाई नको. कॅल्साइटही चमकतं.

२१. चमकणारा एक तुकडा सुईने उचलून स्वच्छ बशीत वेगळा ठेवा. दोन तुकडे एकत्र ठेवलेत तर कोणी रंग सोडला ते कळणार नाही.

२२. त्या तुकड्यावर ड्रॉपरने अ‍ॅसिटोनचा एक थेंब टाका आणि टॉर्च तसाच धरून बघा. सगळा निकाल या थेंबात आहे. चमक खनिजाची असेल तर ती तुकड्यातच राहते, थेंब स्वच्छ राहतो. तेलाची असेल तर तुकड्यातून रंगाची धार सुटते, थेंबात पसरते आणि वाळल्यावर बशीवर चमकतं कडं उरतं. खिडकी उघडी ठेवा. उदबत्ती, निरांजन, गॅस काही पेटतं नको. अ‍ॅसिटोनची वाफ झपकन पेट घेते.

२३. कडं उरलं तर त्याचा रंग बाटल्यांच्या थेंबांशी जुळवा. शंभरातले नव्व्याण्णव लोक इथं हॅमर ऑइललाच भेटतात.

२४. जुळलं नाही तर तुकडा फोडून आतली ताजी बाजू पुन्हा टॉर्चखाली धरा. बाहेर चमक आणि आत अंधार, तर तेल बाहेरून लागलंय. आतल्या चिरेत चमक असेल तर मात्र तो तुकडा जपून ठेवा. काळ्या पाषाणाच्या भेगांत तेल राहूच शकत नाही असं नाही. बडोद्याजवळच्या पादरा क्षेत्रात ते ट्रॅपच्या, म्हणजे याच काळ्या पाषाणाच्या, भेगांतूनच निघतं.

पाण्यावर तवंग दिसला तर

२५. बादलीभर पाणी काढून दहा मिनिटं हलवू नका. मोटर नवी असेल तर तिचं तेल पाण्यात आलंय का हे मेकॅनिकला आधीच विचारा.

२६. तवंगात काडी घालून रेघ ओढा. काचेसारखे तुकडे होऊन ते वेगळेच राहिले, तर तो लोहजिवाणूंचा थर, तेलाशी संबंध नाही. रेघ मिटून तवंग पुन्हा एक झाला, तर ते तेल. इंद्रधनुष्य दोन्हींत दिसतं, रंगावर जाऊ नका.

२७. बोअरमधून बुडबुडे येत असतील तर लांब व्हा आणि इतरांनाही लांब करा. काडी ओढून ‘पेटतं का’ बघायचं नाही, तोंडाशी वाकून वासही घ्यायचा नाही.

२८. तवंग तेलाचा ठरला आणि डिझेल-पेट्रोलचा वास असेल, तर ते पाणी पिणं आणि बागेला देणं थांबवून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्या. असं इंधन बहुतेक वेळा जवळपासच्या गळक्या टाकीतून मुरलेलं असतं.

कागदावर

२९. आलेख कागदावर उभी पट्टी आखा, १ सेंटीमीटर म्हणजे १० फूट. शेजारी रकाने करा: रॉडची मिनिटं, दगड, रंग, बुडबुडे, यूव्ही, पाणी. आठवणीवर विसंबू नका, पिशवी समोर ठेवूनच भरा.

३०. पट्टीचा तळ उघडा सोडा, ‘ट्रॅप संपला’ असं लिहू नका. भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या भोकात ट्रॅप ३३८ मीटरला संपला, कोयनेजवळ रासाटीला तो सुमारे ९३० मीटर भरला. शेतातला बोअर त्याच्या वरच्या थरांतच थांबतो. तेल कंपन्यांना इथं जड जातं ते याच जाडीमुळे.

३१. बोअरच्या तोंडाची समुद्रसपाटीपासूनची उंची पट्टीच्या माथ्यावर लिहा. मोबाइलचा आकडा बराच मागेपुढे होतो, म्हणून शेजाऱ्याच्या बोअरशी तुलना करताना दोन्ही ठिकाणी एकाच फोनने, एकाच दिवशी घ्या.

३२. गेरूच्या थराची खोली त्या उंचीतून वजा करा आणि शेजाऱ्याच्या गेरूशी ताडून बघा. वजाबाकीआधी फुटांचे मीटर करायला विसरू नका. दोन्ही आकडे जवळपास आले, तर तो एकच थर दोघांच्या शेताखालून गेलाय. एवढं जुळलं की भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या नाशिकच्या कार्यालयात पट्टी घेऊन जा. ‘आमच्याकडे कुठवर मांजऱ्या आहे’ हा प्रश्न पट्टी दाखवून विचारला की उत्तरही नेमकं मिळतं.

३३. चोविसाव्या पायरीतला चिरेत चमकणारा तुकडा असेलच, तर तो न धुता काचेच्या बाटलीत बंद करा, खोली आणि तारीख लिहा, सोबत हॅमर ऑइलची बाटली ठेवा. प्लॅस्टिकची बाटली नको. कुणी ‘कंपनी काढू, तुमच्या रानात तेल आहे, आधी थोडे पैसे भरा’ म्हणत आलं, तर त्याला चहा पाजा, पैसे देऊ नका. जमिनीखालच्या तेलावर हक्क सरकारचा, ते सातबाऱ्याबरोबर येत नाही, आणि परवान्याशिवाय त्याचा शोध कुणालाच घेता येत नाही. परवाना बघायला मागा. ती बाटली मात्र त्याच्या हाती देऊ नका.