शेजारी बसा, आणि लोहचुंबक जवळ ठेवा

"टीचर, इतके दिवस मोबाईल देऊ नका म्हणून तुम्हीच ओरडत होता. आता म्हणता मोबाईलवर म्युझियम दाखवा. नेमकं करायचं काय?"

पालकांच्या बैठकीत हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, त्यानंतरचे दिवस आपण कोणीच विसरलेलो नाही. रेंज मिळावी म्हणून गोव्यातल्या कितीतरी गावांत मुलं डोंगरावर जाऊन बसली. घरात एक मोबाईल, तोही बाबांबरोबर कामाला गेलेला. पहिली-दुसरीची मुलं तासन् तास चौकोनातल्या शिक्षिकेकडे बघत राहिली, आणि त्यातून काय हाती लागलं ते शाळा उघडल्यावर आम्हीही पाहिलं, तुम्हीही पाहिलंत. त्यामुळे 'ऑनलाईन' म्हटलं की तुमच्या कपाळावर आठी पडते, याचं मला नवल वाटत नाही.

पण आज ज्याविषयी बोलायचं आहे तो वर्ग नव्हे. जगातली मोठमोठी विज्ञान संग्रहालयं आता आपल्या वस्तू पडद्यावर मोफत बघू देतात. कुठे दालनातून फिरता येतं, कुठे हाडांचा सापळा बोटाने उलटापालटा करता येतो, कुठे तिथली ताई मुलांशी थेट बोलते. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेने २०२० साली एकदम २८ लाख चित्रं आणि त्रिमिती प्रतिमा कोणालाही वापरता येतील अशा खुल्या केल्या. पेडण्याहून पणजीला जायचं म्हटलं तरी अर्धा दिवस मोडतो; वॉशिंग्टन तर बोलायलाच नको.

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचंच घ्या. तिथल्या मुख्य दालनात २०१७ पासून निळ्या देवमाशाचा सांगाडा छताला टांगलेला आहे. हा देवमासा १८९१ साली आयर्लंडच्या वेक्सफर्डजवळ किनाऱ्याला लागून मेला होता. लांबी २५ मीटरहून थोडी जास्त. आता 'पंचवीस मीटर' म्हटल्यावर तिसरीतल्या मुलाच्या डोक्यात काय उभं राहतं? काहीच नाही. तो "व्हॉव" म्हणतो आणि पुढच्या चित्राकडे वळतो. तिथेच त्याला थांबवा. सुतळीचा गुंडा घ्या, मीटरपट्टीने पंचवीस मीटर मोजा, दर मीटरला गाठ मारा आणि टोक त्याच्या हातात देऊन त्याला रस्त्याने चालत जाऊ द्या. घराचं अंगण संपतं, शेजाऱ्यांचं संपतं, पोरगा वळून बघतो तर सुतळी अजून तुमच्या हातात आहे. दोन मोठ्या कदंब बसगाड्या एकीमागे एक उभ्या केल्या तरी हा प्राणी त्यांच्यापेक्षा जरा लांबच भरेल. आणि खातो काय, तर सुंगटासारखे दिसणारे बोटाएवढे जीव! हे ऐकून सगळी मुलं हसतात, आणि मग त्यातलं एखादं विचारतं, "मग पोट कसं भरतं?" मी वाट बघत असते ती या प्रश्नाची.

मोबाईल हातात देऊन तुम्ही स्वयंपाकघरात गेलात, तर त्यातून काही होणार नाही. पाच मिनिटांत म्युझियम जाईल आणि गाड्यांच्या शर्यती येतील. मुलाला दोष देऊ नका, आपलंही तेच होतं. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, २०२१ च्या मार्गदर्शिकेत पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाकाठी दोन तासांपेक्षा कमी पडदा सांगितला आहे. त्यात टीव्हीही आला. म्हणून मी रोज करा म्हणत नाहीच. आठवड्यातून एकदा, वीस मिनिटं, एकच वस्तू. अख्खं म्युझियम बघायचा अट्टाहास करू नका. ती आपली मोठ्यांची खोड आहे, तिकिटाचे पैसे वसूल करायची. इथे तिकीटच नाही.

"पण टीचर, ते सगळं इंग्लिशमध्ये असतं, आम्हाला कुठे कळतं?" हे सांगताना आयांचा आवाज खाली येतो, आणि मला तेच खटकतं. आवाज बंद करा आणि चित्र बघा. काय दिसतं ते घरच्या भाषेत बोला; कोकणीत बोला, मराठीत बोला, मालवणीकडे झुकलेल्या आपल्या पेडणेकरीत बोला. मुलाने "हें कित्याक?" विचारलं आणि तुम्हाला उत्तर आलं नाही, तर "मलाही ठाऊक नाही, बघूया" म्हणा. प्राथमिकच्या मुलाला शास्त्रज्ञ आई नको असते, आपल्याबरोबर वाकून बघणारी आई पुरते. परदेशी म्युझियमच्या थेट कार्यक्रमांच्या मागे मात्र फार लागू नका. न्यूयॉर्कला सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, थंडीच्या दिवसांत साडेआठ. जेवणाची वेळ मोडून आणि झोप उडवून विज्ञान शिकवायचं कारण नाही. ध्वनिचित्रफीत ठेवलेली असते, ती रविवारी बघा.

डिचोलीच्या पालकांना आणखी एक सांगायचं आहे. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत पृथ्वीच्या दालनात पट्टेदार लोहखडकाचा एक भलामोठा तुकडा मांडला आहे. लाल, काळे, राखाडी थर एकावर एक. अब्जावधी वर्षांपूर्वी समुद्राच्या पाण्यात लोह विरघळलेलं होतं. सूक्ष्मजीवांनी सोडलेला प्राणवायू त्या पाण्यात मिसळला, लोह गंजलं आणि थर होऊन तळाला बसलं. म्हणजे हा दगड पृथ्वीवर प्राणवायू साठू लागला त्या काळाची साक्ष आहे. त्याच जातीचा खडक आपल्या पायाखाली आहे. लाखो वर्षांच्या पावसापाण्याने त्यातली वाळूची गारगोटी धुऊन नेली, लोह मागे उरलं, आणि त्या लोहखनिजाचे ट्रक आपल्या दारावरून गेले. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या तेव्हा घराघरांत काय झालं ते मी तुम्हाला सांगायला नको. आपल्या मुलांना खाण ठाऊक आहे ती धुळीमुळे आणि बाबांच्या नोकरीमुळे. दगड म्हणून तो दगड त्यांनी कधी हातात घेऊन बघितलेला नसतो.

तर पडद्यावर तो न्यूयॉर्कचा खडक दाखवा, आणि त्याच वेळी रस्त्याकडेला मिळालेला खनिजाचा काळसर खडा मुलाच्या एका हातात द्या, दुसऱ्या हातात तेवढ्याच आकाराचा चिऱ्याचा तुकडा. खनिजाचा हात आपोआप खाली जातो. मग फरशीचा फुटका तुकडा घ्या, त्याच्या मागच्या खडबडीत बाजूवर तो काळा दगड जोराने घासा. रेघ उमटते ती काळी नाही, लालसर तपकिरी! हेमॅटाईट ओळखायची भूशास्त्रज्ञांची हीच जुनी रीत आहे. आता मोडक्या स्पीकरमधला लोहचुंबक काढा. मूल शंभर टक्के सांगणार की दगड चिकटणार, कारण त्यात लोह आहे. आणि दगड बहुतेक वेळा ढिम्म हलत नाही. पण तोच चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून ओहोळाकाठच्या काळसर रेतीतून फिरवला की बारीक काळे कण मिशा फुटल्यासारखे उभे राहतात. लोह दोन्हीकडे आहे, मग एक चिकटतं आणि एक का नाही? उत्तर लगेच सांगू नका. हेमॅटाईट आणि मॅग्नेटाईट ही लोहाची दोन वेगवेगळी खनिजं आहेत हे त्याला चौथी-पाचवीत कळलं तरी चालेल. तोवर तो घरातल्या प्रत्येक वस्तूला चुंबक लावून बघेल, तेवढं सोसा. टीव्हीपासून आणि एटीएम कार्डापासून मात्र लांब ठेवा.

पेडण्यात खजिना वेगळा आहे. मोरजीच्या तेंबवाड्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वनखात्याची माणसं घरट्याभोवती कुंपण घालून राखण करतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने. किनाऱ्यावरच्या मुलांना हे ठाऊक असतं. पण कासवाच्या पोटात काय आहे ते त्यांनी कुठून बघावं? तिथे पडदा खरोखर कामाला येतो. कासवाच्या सापळ्याची त्रिमिती प्रतिमा बोटाने उलटी करा. कवचाच्या आतल्या बाजूला पाठीचा कणा आणि बरगड्या चक्क कवचाला जोडलेल्या दिसतात. कार्टूनमधलं कासव कवच काढून ठेवतं ना, तसं खरं कासव कधीच करू शकत नाही. हे बघितल्यावर एखादं मूल आपल्या बरगड्या चाचपून बघतं. वाळू जास्त तापलेली असेल तर माद्या जास्त जन्मतात, हेही सांगा. आणि पिल्लं उजेडाच्या दिशेने समुद्र शोधतात म्हणून किनाऱ्यावरचे झगझगीत दिवे त्यांना चुकवतात, हेही. यातलं काही हॉटेलवाल्या बाबांच्या कानावर मुलाकडूनच गेलं तर बरंच.

पडद्यावर बघून भूक लागली की मिरामारला घेऊन जा. तिथलं गोवा विज्ञान केंद्र २००१ पासून चालू आहे, राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेचं आहे, आणि तिथे वस्तूंना हात लावायचा असतो. "हात लावू नको" ही सूचना त्या दिवसापुरती घरी ठेवून या. जाणं जमत नसेल तर अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं आणि कचऱ्यातून बनवायची खेळणी आहेत, सगळी फुकट. काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, एवढ्यावर घरातली दुपार निघते.

दगड शोधायच्या नादात मुलांना बंद खाणीच्या खंदकांकडे मात्र अजिबात जाऊ देऊ नका. पाणी निळंशार आणि शांत दिसतं, पण कडा ठिसूळ असतात आणि खोली कळत नाही. रस्त्याकडेला पुरेसे खडे पडलेले असतात. शाळेत पाठवाल तेव्हा ते दप्तरात घालू नका, दप्तराचा तळ फाटतो. कापडी पिशवीत द्या, आणि पिशवीवर नाव लिहा; सगळ्यांचे दगड सारखेच दिसतात आणि मग वर्गात भांडणं होतात.