शिकविणारें ॲप कसें घडवावें?



हल्लीं आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं मोबाईल आहे, व त्यावर अभ्यासाचीं दोन-तीन ॲपही आहेत. त्यांचा उपयोग तुम्ही करतां; परंतु तीं कशीं तयार होतात, याचा विचार फारच थोड्यांनीं केला असेल. आपल्या शाळेच्या गणित-मंडळांतील मुलांनीं व मीं मिळून असें एक लहानसें ॲप तयार केलें. त्या अनुभवावरून ही विद्या तुम्हांस समजावून सांगावी, असा या लेखाचा हेतु आहे. तुमच्या वडीलधाऱ्यांनींही तो वाचावा, अशी माझी विनंति आहे; कारण घरांतील मोबाईल बहुधा त्यांचाच असतो.

ॲप म्हणजे काय?

ॲप हा ‘ॲप्लिकेशन’ या इंग्रजी शब्दाचा संक्षेप होय. विशिष्ट काम करून घेण्यासाठीं यंत्रास द्यावयाच्या आज्ञांचा क्रमवार संच, असा त्याचा अर्थ. आई बाहेर जातांना धाकट्या भावास सांगते, “दार वाजलें तर आधीं खिडकींतून पाहा, दूधवाला असेल तर पातेलें दे, अनोळखी माणूस असेल तर दार उघडूं नको.” आज्ञावलीचें सारें मर्म या तीन वाक्यांत आहे. अमुक घडलें तर हें करावें, नाहीं तर तें करावें. फरक इतकाच कीं, आईनें न सांगितलेली चवथीच गोष्ट घडली तर भाऊ आपली बुद्धि चालवितो. यंत्र मात्र स्तब्ध राहतें, किंवा भलतेंच करून बसतें. म्हणून यंत्रास शिकविणाऱ्यानें सर्व शक्यता आधींच मनांत आणाव्या लागतात.

पहिली पायरी : कोणासाठीं?

सन २०२० च्या मार्च महिन्यांत टाळेबंदीमुळें शाळा बंद झाल्या, आणि पुढें आम्ही शिक्षक मोबाईलवरून वर्ग घेऊं लागलों. माझा सहावीचा गणिताचा तास सकाळीं दहा वाजतां असे. शाळेंत नेहमीं पुढच्या बाकावर बसणारी एक मुलगी त्या तासास कधींच दिसेना. मीं तीन आठवडे तिच्या नांवापुढें गैरहजेरीची खूण केली, आणि मनांतल्या मनांत तिच्या आळसास बोल लावला. एके दिवशीं रेशनच्या दुकानापुढील रांगेंत तिची आई भेटली. मीं विचारलें, तेव्हां ती संकोचानें म्हणाली, “सर, फोन एकच आहे. तो सकाळीं ह्यांच्याबरोबर भाजीच्या गाडीवर जातो, तो रात्रीं आठाला घरीं येतो. तेव्हां तुमची शाळा उघडी असते का?”

मजपाशीं उत्तर नव्हतें. दोष मुलीचा नव्हता. माझ्या वेळापत्रकाचा होता.

अशी अवस्था एकट्या त्याच घराची होती असें नव्हे. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ नांवाच्या पाहणीप्रमाणें, ग्रामीण भारतांत शाळेच्या पटावर असलेल्या मुलांपैकीं ज्यांच्या घरीं स्मार्टफोन आहे अशांचें प्रमाण सन २०१८ मध्यें ३६.५ टक्के होतें. तें सन २०२० मध्यें ६१.८ व सन २०२१ मध्यें ६७.६ टक्के झालें. ही वाढ मोठी खरी. परंतु घरीं स्मार्टफोन असूनही तो मुळींच हातीं न येणारीं मुलें त्याच २०२१ च्या पाहणींत सुमारें २६ टक्के, म्हणजे चारांतील एक, आढळलीं. घरांत फोन असणें आणि मुलाच्या हातीं फोन असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

त्या माउलीच्या प्रश्नावरून मीं चार नियम वहींत लिहून काढले. पहिला, ॲप एकदां फोनमध्यें घेतल्यावर इंटरनेटवांचून चाललें पाहिजे. दुसरा, तें कोणत्याही वेळीं उघडावें, व एक पाठ पंधरा-वीस मिनिटांत पुरा व्हावा. कारण फोनसाठीं घरांत आणखीही हात पुढें होतात. तिसरा, तें जुन्या व कमी जागेच्या फोनवरही चालावें. चवथा, त्यानें मुलाचें नांव, पत्ता किंवा फोनचा क्रमांक विचारूं नये. यंत्राचा विचार त्यानंतर सुरू झाला.

दुसरी पायरी : पाठ

आमचा विषय होता अपूर्णांकांची बेरीज. ‘उत्तर बरोबर आलें तर शाबासकी, चुकलें तर तांबडी फुली,’ एवढाच पहिला बेत होता. पण फुली पाहून कोण काय शिकला आहे? म्हणून मीं जुन्या उत्तरपत्रिका काढून पाहिल्या. १/२ + १/३ या उदाहरणाचें खरें उत्तर ५/६. चुकणारीं मुलें हवें तें उत्तर लिहीत नाहींत, बहुतेक दोनच ठिकाणीं घसरतात, असें दिसून आलें. कांहीं जण अंशांत अंश व छेदांत छेद मिळवून २/५ लिहितात. दुसरे कांहीं समच्छेद ६ हा बरोबर काढतात, पण अंश बदलण्यास विसरून २/६ लिहितात. या दोन चुका एक नव्हेत. त्यांवरील औषधही एक असूं शकत नाहीं.

म्हणून आम्हीं भाकरीचें चित्र काढलें. २/५ लिहिणाऱ्यास ॲप विचारतें, “तुझ्या ताटांत आधींच अर्धी भाकरी होती. तींत आणखी तिसरा हिस्सा वाढला. आतां पांचांतील दोन भाग म्हणजे अर्ध्याहून कमी कीं अधिक?” मूल चित्राकडे पाहतें, आणि वाढल्यावर भाकरी कमी कशी झाली, म्हणून स्वतःच चमकतें. २/६ लिहिणाऱ्यास दुसरें चित्र दिसतें. सहांतील दोन भाग म्हणजे केवळ तिसरा हिस्सा. मग ताटांतली अर्धी भाकरी गेली कोठें? नंतर तीच भाकरी सहा तुकड्यांत कापलेली दिसते. अर्धीचे तीन तुकडे, तिसऱ्या हिश्शाचे दोन, मिळून पांच. समच्छेद कां करावयाचा, हें नियम पाठ न करतां उमगतें.

सारांश, मूल कोठें अडतें हें ज्यास ठाऊक आहे, तोच ॲपचा खरा कर्ता होय. याचीं मोठीं उदाहरणें आपल्या देशांत आहेत. राजस्थानांत अलवर येथील शिक्षक इम्रान खान यांनीं स्वतःच ही विद्या शिकून पन्नासांहून अधिक शैक्षणिक ॲप केलीं व तीं विनामूल्य दिलीं. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोड छापून, त्यांतून कविता, चित्रफिती व प्रश्न मुलांपर्यंत पोंचविले. सन २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ त्यांस मिळाला, आणि त्याची अर्धी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली.

तिसरी पायरी : यंत्र

आम्हीं ‘ॲप इन्व्हेंटर’ हें साधन वापरलें. हॅल एबेल्सन यांच्या पुढाकारानें तें गूगल कंपनींत तयार झालें, सन २०१० मध्यें लोकांपुढें आलें, व सन २०१२ पासून अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेकडे आहे. त्यास मोल पडत नाहीं. संगणकावर इंटरनेटच्या साह्यानें तें उघडतां येतें. ॲप घडवितांना इंटरनेट लागतें. घडलेलें ॲप चालविण्यास तें लागलेंच पाहिजे असें नाहीं.

त्यांत दोन दालनें आहेत. पहिल्यांत ॲपचें बाह्य रूप मांडावयाचें : चित्र कोठें, उत्तराचे चौकोन कोठें, कळ कोठें. दुसऱ्यांत आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांत बसवावयाचे. आमच्या ठोकळ्यांचा अर्थ मराठींत असा होईल :

जेव्हां ‘तपासा’ ही कळ दाबली जाईल, तेव्हां—
जर उत्तर ५/६ असेल, तर शाबासकी देऊन पुढील उदाहरण दाखव;
नाहीं तर, जर उत्तर २/५ असेल, तर भाकरीचें पहिलें चित्र दाखव;
नाहीं तर, जर उत्तर २/६ असेल, तर दुसरें चित्र दाखव;
नाहीं तर, सर्व पायऱ्या पहिल्यापासून दाखव.

कोणतें उदाहरण कितव्या खेपेस सुटलें, याची नोंद फोनमध्येंच राहते. तिच्यासाठीं ‘टायनी डीबी’ नांवाचा एक भाग आहे. ती जणूं फोनच्या पोटांतील छोटी वही होय. चित्रफीत आम्हीं घातली नाहीं, कारण ती फार जागा खाते. साधीं रेखाचित्रें व माझ्या आवाजांतील लहान लहान सूचना यांवर काम भागलें.

चवथी पायरी : परीक्षा

टाळेबंदींत मीं केलेलें पहिलें ॲप ओबडधोबड होतें. शाळा पुन्हां उघडल्यावर गणित-मंडळाच्या मुलांनीं त्याची कसून परीक्षा घेतली. एकानें १/२ + १/३ चें उत्तर १०/१२ असें लिहिलें. ॲपनें तें चूक ठरविलें! मुलगा हिरमुसला. वास्तविक १०/१२ व ५/६ यांची किंमत एकच. मुलगा बरोबर होता, आणि यंत्रास अपुरें शिकविणारा मी चुकलों होतों. तेव्हां आम्हीं तिरकस गुणाकाराची कसोटी घातली. १० × ६ = ६० व १२ × ५ = ६०; दोन्ही गुणाकार सारखे, म्हणून अपूर्णांक सारखे. सर्वांनीं टाळ्या वाजविल्या.

दुसऱ्याच दिवशीं एका विद्यार्थिनीनें ०/० असें लिहून पाहिलें, आणि ॲप म्हणालें, “शाबास!” कारण ० × ६ व ० × ५ हे गुणाकारही सारखेच, शून्य. शून्य हा छेद असूंच शकत नाहीं, हें आम्ही वर्गांत शिकवितों. यंत्रास सांगावयास विसरलों होतों. मग तो एक ठोकळा आरंभीं बसविला. विद्यार्थ्यांनो, दुसऱ्याच्या कामांतील दोष अशा रीतीनें शोधून देणें ही त्याची निंदा नव्हे. तें साह्यच होय.

कसोटीच्या वेळीं घडविणाऱ्यानें मौन धरावें, हाही एक धडा मिळाला. मूल अडलें कीं “अरे, खालची कळ दाब,” असें सांगण्याचा मोह होतो. पण रात्रीं घरीं सांगावयास कोणी नसतें. ज्या ठिकाणीं तीन मुलें अडलीं, तेथें आम्हीं मुलांस नव्हे, ॲपला दुरुस्त केलें.

पालकांस दोन शब्द

कोणतेंही ॲप घेण्यापूर्वीं तें काय काय मागतें, हें पाहावें. बेरीज शिकविणाऱ्या ॲपला तुमच्या फोनमधील नांवांची यादी किंवा तुमचा ठावठिकाणा कशास हवा? सन २०२३ मध्यें संसदेनें संमत केलेल्या वैयक्तिक माहिती-संरक्षणाच्या कायद्यांत, अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांची संमति घ्यावी, अशी तरतूद आहे. संमति ही वाचून द्यावयाची वस्तु आहे. तसेंच, कोणीही अनोळखी माणसानें पाठविलेलें ॲप फोनमध्यें घालूं नये. आमचें ॲपही शिक्षकांच्या हातूनच घ्यावें. आणि शक्य असेल तर रात्रीं अर्धा तास फोन मुलाच्या अभ्यासासाठीं राखून ठेवावा, व त्या वेळीं आपणही जवळ बसावें. गणित येत नसलें तरी चालेल, “भाकरी कमी कशी झाली ग?” एवढें विचारलें तरी पुरे.

ॲपला काय येत नाहीं?

मीं तें पहिलें ॲप त्या मुलीच्या वडिलांच्या फोनमध्यें त्यांच्या भाजीच्या गाडीपाशींच उतरवून दिलें होतें. शाळा उघडल्यावर तिनें मला नोंद दाखविली. अकरा रात्री तिनें नेमानें उदाहरणें सोडविलीं होतीं. आरंभीं २/६ ची चूक पुनःपुन्हां, आणि पांचव्या रात्रीपासून एकही नाहीं. मला धन्यता वाटली. परंतु अकराव्या रात्रीनंतर वही कोरी होती. कारण विचारलें, तेव्हां समजलें कीं, धाकटा भाऊ तापानें अंथरुणास खिळला होता, आणि आईबरोबर ती त्याच्या उशाशीं बसत होती. ॲपला केवळ कोरी जागा दिसते. तिच्यामागील दुःख विचारावयास माणसासच जावें लागतें, आणि मी पुन्हां एकदां उशिरा गेलों होतों.

नव्याण्णव मेंढरें ठेवून हरवलेल्या एकाच्या शोधास निघालेल्या मेंढपाळाचा दाखला आपण प्रार्थनेच्या वेळीं अनेकदां ऐकला आहे. ॲप हें त्या शोधांत हातीं धरावयाच्या कंदिलासारखें आहे. वाट दाखविण्यास त्याचा उपयोग होतो, पण चालावें आपणांसच लागतें. तुमच्यापैकीं जे पुढें असलीं साधनें घडवितील, त्यांनीं कामास आरंभ करण्यापूर्वीं एकच प्रश्न स्वतःस विचारावा : ज्या घरीं फोन रात्रीं आठाला येतो, त्या घरासाठीं माझी शाळा उघडी आहे का?