गुडघ्यातील कूर्चेची दुखापत : निदान व उपचार

कबड्डीच्या मैदानावर चढाई करणाऱ्या खेळाडूचा पाय प्रतिपक्षाने घट्ट धरलेला असतो आणि तो मध्यरेषेकडे झेपावण्यासाठी अंगाला हिसडा देतो. पाऊल जागीच खिळलेले, गुडघा वाकलेला आणि वरचे शरीर फिरलेले, अशा क्षणी गुडघ्यातील कूर्चा फाटू शकते. खेळाडू लंगडत बाहेर येतो. मग कोणी तेल लावून चोळतो, तर कोणी पाय ओढून ‘सांधा बसवितो’. अशा उपायांनी मूळची इजा वाढण्याचाच संभव अधिक.

कूर्चेचे कार्य

मांडीचे हाड व नडगीचे हाड यांच्यामध्ये दोन अर्धचंद्राकृती कूर्चा असतात. शरीराचा भार विस्तृत पृष्ठभागावर वाटून देणे, धक्के सोसणे व सांध्यास स्थैर्य देणे ही त्यांची कामे. प्रौढ वयात त्यांच्या बाहेरच्या कडेलाच रक्तपुरवठा असतो. त्यामुळे कडेजवळची चीर भरून येऊ शकते. आतील भागाची सहसा येत नाही.

एडिंबरो येथील शल्यविशारद टॉमस ॲनंडेल यांनी १८८३ मध्ये निखळलेली कूर्चा टाके घालून जागी बसविली होती. तथापि, पुढे दीर्घकाळ फाटलेली कूर्चा संपूर्ण काढून टाकण्याचाच प्रघात राहिला. अशा शस्त्रक्रियेनंतर सांध्यात झिजेची चिन्हे दिसू लागतात, हे १९४८ मध्ये फेअरबँक यांनी क्ष-किरण चित्रांच्या आधारे दाखविले. टोकियोचे डॉ. मासाकी वातानाबे यांनी १९६२ मध्ये दुर्बिणीच्या साहाय्याने कूर्चेचा केवळ फाटलेला भाग काढला. शक्य तेवढी कूर्चा राखणे हेच आजचे सूत्र आहे.

लक्षणे व प्रथमोपचार

सांध्याच्या रेषेवर दुखणे, काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी सूज येणे, उकिडवे बसताना कळ येणे ही प्रमुख लक्षणे होत. फाटलेला तुकडा हाडांमध्ये अडकल्यास गुडघा पूर्ण सरळ होत नाही. अशा वेळी विलंब न लावता अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. दुखापतीनंतर तासा-दोन तासांतच गुडघा टम्म फुगल्यास सांध्यात रक्तस्राव झाल्याची शंका घ्यावी.

खेळ तत्काळ थांबवावा. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे शेकावे, लवचीक पट्टी बांधावी व पाय उशीवर उंच ठेवावा. मालीश करू नये.

उपचार

क्ष-किरण चित्रात हाड दिसते, कूर्चा दिसत नाही. म्हणून तज्ज्ञांची तपासणी व आवश्यकतेनुसार एम.आर.आय. चाचणी यांवरून निदान केले जाते. लहान चीर विश्रांती व व्यायामाने बरी होऊ शकते. तरुणांच्या कूर्चेची कडेजवळची चीर दुर्बिणीतून टाके घालून सांधता येते. उतारवयातील झिजेने पडलेल्या चिरेसाठी मात्र व्यायामोपचारच प्रथम करावेत. गुडघा अडकत नसेल तर शस्त्रक्रियेची घाई नसावी.

मांडीच्या पुढील स्नायूचा व्यायाम घरीही करता येतो. पाय सरळ ठेवून स्नायू पाच सेकंद आवळावा व सैल सोडावा. टाके घातल्यानंतर मैदानावर परतण्यास काही महिने लागतात. एका स्पर्धेसाठी हा काळ तोडणाऱ्या खेळाडूला पुढे चालण्यासाठी लागणारा गुडघाही गमवावा लागू शकतो, याचे भान प्रशिक्षक व पालक यांनी ठेवणे अगत्याचे आहे.