देशाच्या तिजोरीची पारख

आमच्या निर्ण्याचे विद्यार्थी बीदरला गेले म्हणजे १४७२ सालचा महमूद गवानाचा मदरसा पाहतात. बहमनी राज्याचा हा वजीर १४८१ मध्ये सुलतानाच्या आज्ञेने मारला गेला. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की, वजिराचा शिक्का सांभाळणाऱ्या नोकरास वश करून शत्रूंनी कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला आणि त्यावर राजद्रोहाचा मजकूर लिहिला. सुलतानाने चौकशी केली नाही. पुढे वजिराची संपत्ती तपासली, तेव्हा ती अगदीच थोडी निघाली. वजीर निर्मळ होता. पण शिक्क्यावरील पहारा ढिला होता. राज्याची सुरक्षितता एका माणसाच्या सचोटीवर नव्हे, तर पहाऱ्यावर व चौकशीवर अवलंबून असते, हे यावरून दिसते.

आज हाच प्रश्न पैशाच्या बाबतीत विचारला जातो. लाच किंवा फसवणूक यांतून आलेला पैसा चोराला उघडपणे वापरता येत नाही. म्हणून तो प्रथम बँकेत किंवा धंद्यात शिरवला जातो. मग या खात्यातून त्या खात्यात फिरवून त्याचा माग पुसला जातो. शेवटी जमीन वा इमारत होऊन तो उजळ माथ्याने बाहेर येतो. यासच मनी लाँडरिंग म्हणतात.

एखाद्या देशात हा धोका किती, हे ठरविताना तीन गोष्टी पाहावयाच्या असतात. असा पैसा कोणत्या गुन्ह्यांतून येतो? रोख व्यवहार, सोने, जमीन, परनावी मालमत्ता यांपैकी कोणती दारे त्यास उघडी आहेत? आणि कायदा केवळ कागदावर आहे की हातातही आहे? १९८९ मध्ये स्थापन झालेली फायनान्शिअल अ‍ॅक्शन टास्क फोर्स ही संस्था याच रीतीने पाहते. तिच्या ४० शिफारशी पाळल्या आहेत काय हे एकीकडे, आणि प्रत्यक्ष फळ काय हे ११ कसोट्यांवर दुसरीकडे तपासले जाते. भारत २०१० मध्ये तिचा सदस्य झाला. २०२४ च्या अहवालात तिने भारताच्या व्यवस्थेस चांगला अभिप्राय दिला; मात्र खटले निकालात निघण्यास फार विलंब लागतो, हेही स्पष्ट नोंदविले. फसवणूक, भ्रष्टाचार आणि अमली पदार्थ हे येथील मुख्य उगम ठरले.

एकाच आकड्यावर मात्र विसंबू नये. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या २०२४ च्या यादीत भारतास १०० पैकी ३८ गुण मिळाले, सिंगापूरला ८४. ते गुण सरकारी कारभारातील भ्रष्टाचाराविषयी जाणकारांचे मत सांगतात. परक्या देशातील मळका पैसा कोठे लपतो, हे सांगत नाहीत. त्याच सिंगापूरने २०१६ मध्ये बीएसआय या बँकेचा परवाना याच कायद्यांच्या भंगासाठी रद्द केला. दार उघडे सापडले, हा दोष खरा. परंतु ते शोधून बंद केले, हा पहारा जागा असल्याचा पुरावा होय.

विद्यार्थिमित्रहो, हे विषय दूरच्या राजधान्यांचे नव्हेत. थोड्या पैशांच्या मोहाने आपले बँकखाते किंवा एटीएम कार्ड परक्याच्या हाती देणारा तरुण फसवणुकीचा पैसा फिरविण्यास वाट करून देतो. पैसा कोणा गरिबाचा बुडालेला असतो आणि पोलिस प्रथम खातेदाराच्या दारी येतात. आपले खाते हाच आपला शिक्का; तो आपल्याच हाती राहावा.