आधी तपास, मग खरेदी

चि. बंड्या,


गाडीचा ब्लोअर बंद पडला आणि गॅरेजवाल्याने काही न उघडताच ‘मोटर गेली, नवी टाकू’ म्हणून सांगितलं, हे कळलं. मोटर गेली असेलही. पण ते अजून कोणी तपासलेलं नाही, आणि न तपासलेल्या दोषावर पैसे घालू नयेत, एवढंच मला सांगायचं आहे. ‘आपल्याकडे हीटर लागतो कुठे’ म्हणून काम पुढेही ढकलू नकोस. एसीची आणि हीटरची हवा एकच पंखा फेकतो. पावसाळ्यात आंबा घाटात काच आतून धुरकटली की तोच उपयोगी पडतो. एका हाताने काच पुसत घाट उतरायचा नसतो.

सुरुवात बटणापासून कर. किल्ली ऑन करून सगळे स्पीड लावून बघ. पंखा फक्त सर्वांत मोठ्या स्पीडला चालला, तर मोटर आणि फ्यूज शाबूत आहेत, रेझिस्टर गेलाय. खालच्या स्पीडला करंट रेझिस्टरमधून जातो, मोठ्या स्पीडला त्याला वगळून. गाडी पळताना जाळीतून झुळूक येते ती बाहेरच्या वाऱ्याची, तिच्यावर भरवसा ठेवू नकोस.

तुझ्या पत्रावरून कुठल्याच स्पीडला हालचाल दिसत नाही. मग डाव्या सीटपुढच्या कप्प्याखाली वाकून मोटरच्या बुडावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोक. पंखा फिरायला लागला, तर मोटरचे कार्बन ब्रश झिजलेत. मोटर खोलायला हवी.

नाही फिरला तर फ्यूज. तो नुसता डोळ्यांनी बघू नकोस; जागेवरच ठेवून त्याच्या पाठीवरच्या दोन उघड्या टोकांना एकेक करून टेस्ट लॅम्प लाव. दोन्हीकडे दिवा लागला तर ठीक, एकीकडेच लागला तर उडालाय, कुठेच लागला नाही तर करंट तिथपर्यंतच येत नाही. उडालेल्याच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा घाल. पिवळा २० चा, पारदर्शक २५ चा, हिरवा ३० चा. पिवळा टिकत नाही म्हणून हिरवा ठोकला, की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते. नवाही लगेच उडाला, तर एक तर वायर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा पंखा अडकलाय. बंद गाडीत उंदरांनी आणून टाकलेल्या चिंध्या आणि पालासुद्धा त्यात सापडतो. फ्यूज ठीक असेल तर रिले बघ. शेजारी त्याच नंबरचा दुसरा असेल तर अदलाबदल कर, खर्च काही नाही.

आता मोटरला वायरी जोडणारा कपलर. इथे पुष्कळजण फसतात. कपलर काढून मीटर लावला की १२ व्होल्ट दिसतात, आणि ‘करंट येतोय, म्हणजे मोटर मेली’ असा निकाल लागतो. मीटर स्वतः करंट जवळजवळ ओढतच नाही. गंजलेल्या जोडातूनही तो १२ दाखवतो. म्हणून कपलर जोडलेलाच ठेव, बटण मोठ्या स्पीडला ठेव आणि मागून पिना घालून मोज. मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला. मोटरच्या एका वायरीवर १२ आणि दुसरीवर जवळजवळ शून्य असून मोटर गप्प असेल, तर ती गेली, खुशाल बदल. दोन्ही वायरींवर १२ आले, तर मोटरच्या आतला रस्ता चालू आहे, पुढे अर्थकडे जायची वाट तुटली आहे. जपानी बनावटीच्या पुष्कळ जुन्या गाड्यांत ब्लोअरचा स्विच अर्थच्या बाजूलाच असतो. अशा वेळी नवी मोटर घातलीस तर तीही तशीच गप्प बसेल.

कपलर काढून त्याच्या पिनाही बघ. एखादी तपकिरी पडलेली, भोवतीचं प्लास्टिक फुगलेलं असतं. जोडात ०.१ ओहम अडथळा आणि १५ अँपिअर करंट असला की तिथे साडेबावीस वॅट उष्णता तयार होते; जवळजवळ एक सोल्डरिंग आयर्नच त्या डबीत चालू ठेवल्यासारखं. असा कपलर घासून पुन्हा बसवू नकोस, बदलून टाक. आणि तो जळला का, हेही विचार. पंखा हाताने जड फिरत असेल, तर मोटर जास्त करंट ओढते आहे. ती नवा कपलरही जाळील आणि नवा रेझिस्टरही.

दोन पथ्यं पाळ. मोटर बॅटरीवरून डायरेक्ट चालवून बघायची, तर मध्ये फ्यूज असलेल्या वायरीनेच. आणि पिवळ्या नळीतल्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना टेस्ट लॅम्प लावायचा नाही.

काम झालं की मोठ्या स्पीडवर दहा मिनिटं पंखा चालवून कपलरला बोट लावून बघ. कोमट चालेल, चटका बसला तर काम अर्धंच झालंय.

एवढं स्वतः करायचा धीर नसेल तरी हरकत नाही. गॅरेजवाल्याशी वाद घालू नकोस. ‘मोटर जोडलेली असताना किती व्होल्ट येतात, दाखवता का?’ एवढंच विचार. जो मीटर काढून दाखवेल, त्याच्या हाती गाडी दे आणि तो मागेल ती मजुरी दे.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा