हातचा एक

शाळेच्या फाटकाशी एक प्रश्न मला फार वेळा ऐकावा लागला.

"गुरुजी, लेकरं शिकायलेत का नुसती खेळायलेत?"

कळमनुरी तालुक्यातल्या एका खेड्यात मी मुख्याध्यापक होतो. एक दिवस एक म्हातारे शेतकरी तावातावाने शाळेत आले. त्यांची नात तिसरीत होती. वर्गात पोरे जमिनीवर गोल बसून चिंचोके टाकत होती. मामांना वाटले, हा जुगारच चालला आहे!

मी म्हणालो, "मामा, रागावू नका. खाली बसा. एक डाव खेळा, मग बोला."

चिंचोके दगडावर घासून त्यांची एक बाजू पांढरी केली होती. खेळ असा. पाच चिंचोके टाकायचे. जितके पांढरे पडतील तितके खडे उचलायचे. दहा खडे झाले की ते परत द्यायचे आणि एक काडी घ्यायची. ज्याच्या पाच काड्या आधी होतील तो जिंकला.

मामांपाशी सात खडे जमले. मग पाचही चिंचोके पांढरे पडले. सात आणि पाच, बारा झाले. नात ओरडली, "आजोबा, दहा द्या, काडी घ्या!" मामांनी दहा खडे दिले. खाली दोन खडे उरले आणि हातात एक काडी आली.

बाराची बेरीज पाटीवर आपण कशी मांडतो? खाली दोन, हातचा एक. तो हातचा म्हणजेच ही काडी.

मामांना अक्षर येत नव्हते. कापसाच्या वजनाची चिठ्ठी ते दुसऱ्याकडून वाचून घेत. काडी बोटात फिरवून ते म्हणाले, "म्हंजी हे दिसायला एक हाय, पर हाय दहाचं." मी कितीतरी वर्षे फळ्यावर हेच सांगत आलो होतो. इतक्या थोड्या शब्दांत मला कधी सांगता आले नव्हते.

आपण लहानपणी विटीदांडू खेळलो. वकट, लेंड, मूंड, नाल अशी मोजणी केली. हे आकडे तेलुगूतले आहेत. तेलुगूत एकाला ओकटि, दोनाला रेंडु, तिनाला मूडु आणि चाराला नालुगु म्हणतात. तेलुगूचे गुरुजी कोणी पाहिले होते? खेळता खेळता आकडे तोंडात बसले.

ताराबाई मोडक यांनी हे फार आधी ओळखले. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले. हे गाव आज पालघर जिल्ह्यात आहे. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्या आदिवासी मुलांत राहिल्या. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. विकतची खेळणी महाग. म्हणून या दोघींनी शिंपले, बिया, पाने आणि खडे घेतले. काही मुले गुरे राखायची, ती शाळेत येईनात. तेव्हा शाळाच कुरणात नेली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही लिहिले आहे की, मुलांचे शिकणे कृतीतून व्हावे आणि त्यांना भीती वाटू नये.

आता माझी चूक सांगतो. मी वर्गात एक तक्ता लावला. बरोबर उत्तराला एक चांदणी. जास्त चांदण्या त्याला शनिवारी पेन. दोन महिने काय चढाओढ चालली! तपासणीला आलेले साहेबही खूश झाले.

होळीनंतर एक मुलगा आईबापाबरोबर ऊसतोडीवरून परत आला. दिवाळीपासून त्याची शाळा बुडाली होती. इतरांच्या नावापुढे वीस-वीस चांदण्या, त्याची ओळ कोरी. आठ दिवस तो आला, मग येईना. मी वस्तीवर गेलो. तो शेळीला पाला टाकत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "गुरुजी, तक्त्यावरचं माझं नाव तेवढं पुसा."

तक्ता मी त्याच दिवशी काढला.

पोरे हात वर करत होती ती पेनासाठी. पेन बंद केले असते तर हातही खाली आले असते. चिंचोक्यांचे तसे नाही. ते कसे पडतील हे कोणाच्या हातात नसते. हुशार पोर हरते आणि मागे पडलेले पोरही एखादा डाव मारते. हरणाऱ्यालासुद्धा खडे मोजावेच लागतात, काडी बदलून घ्यावीच लागते. म्हणजे त्याचेही शिकणे होते.

तो मुलगा या डावासाठी परत आला. उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत हातच्याची बेरीज करू लागला. दिवाळीनंतर मात्र तो पुन्हा कारखान्यावर गेला. त्याला खेळाचा इलाज नाही. त्यासाठी गावात हंगामी वसतिगृह लागते, नाहीतर लेकरू ठेवून घेणारी आजी लागते.

आता मोबाईलवरही गणिताचे खेळ आले आहेत. लेकरू त्यात खरेच हिशेब करते, की नाण्यांसाठी नुसते बोट दाबते, हे शेजारी बसून पाहावे.

मामांनी जाताना पाच चिंचोके मागून नेले. घरी तुम्हीही खेळून पाहा. दहा काड्या झाल्या की त्यांची सुतळीने जुडी बांधा. ती जुडी शंभराची.